मृगया आणि मर्यादा

कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रवेश शिकारीचा आहे. रथारूढ दुष्यंत एका हरणाचा पाठलाग करीत आहे. धनुष्यावर बाण चढलेला आहे. तो सुटणार इतक्यात एक तपस्वी आडवा येतो आणि हे आश्रमाचे हरीण आहे, ह्याला मारू नये, असे राजाला सांगतो. राजा मुकाट्याने बाण उतरवितो. नाट्यदृष्ट्या हा शकुंतलेच्या भेटीचा उपोद्घात होय. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखीही काही दिसते. मृगया हा राजाचा हक्क खरा, पण त्या हक्कालाही कुठेतरी कुंपण होते. कौटिल्याने ‘सूनाध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगताना, राज्याने अभय दिलेल्या पशुपक्ष्यांना धरणाऱ्यास वा मारणाऱ्यास जबर दंड सांगितला आहे. अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, आणि ते हरीणही नेहमी नव्हे, असा बारीक हिशेब दिला आहे. पाचव्या स्तंभलेखात तर कोणते प्राणी अवध्य आणि कोणत्या तिथींना कोणती हिंसा वर्ज्य, ह्याची यादीच आहे. शिकारीला काळाचे बंधन घालण्याची कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे.

शिकारीला पडणारी मर्यादा तीन वाटांनी येते. एक धर्माची, दुसरी राजाज्ञेची. तिसरी वाट मात्र सहसा ध्यानात येत नाही. ती म्हणजे हातातल्या साधनाची. पायी चालणारा धनुर्धर हरणाच्या अगदी निकट गेल्यावाचून काहीच करू शकत नाही. निकट जाण्यासाठी त्याला वारा कळावा लागतो, पायाखालचे पान कळावे लागते, प्राण्याचा स्वभाव कळावा लागतो. दहा वेळा गेला तर नऊ वेळा तो रित्या हाताने परततो. बंदूक आली आणि ही मर्यादा नाहीशी झाली. मग जे काम साधन करीत होते ते कायद्याला करावे लागले. आणि विसाव्या शतकात एक नवल घडले. बंदुकीचे सर्वांत मोठे साम्राज्य ज्या देशात उभे राहिले, त्या अमेरिकेतच काही माणसांनी टाकून दिलेले धनुष्य पुन्हा हाती घेतले आणि सरकारने त्यांच्यासाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम नेमून दिला. ते धनुष्य त्यांना कोणाकडून मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, ती ही हकीकत आहे.

अमेरिकेत शिकारबंदीचा काळ ठरविण्याची प्रथा वसाहतींच्या काळापासूनची आहे. ऱ्होड आयलंड वसाहतीतील पोर्ट्‌स्मथ ह्या गावाने १६४६ साली १ मेपासून १ नोव्हेंबरपर्यंत हरीण मारण्यास मनाई केली. ह्या महिन्यांत माद्यांच्या पाठीशी पाडसे असतात. त्यांना मारले तर पुढल्या वर्षी रान ओसाड होणार, एवढा साधा शहाणपणा त्यामागे होता. परंतु नियम लिहिणे निराळे आणि पाळणे निराळे. एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आले, जलद गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आल्या आणि शहरांच्या बाजारपेठांत हरणाच्या मांसाला व कातड्याला अमाप गिऱ्हाईक मिळाले. शिकार हा पोटापाण्याचा उद्योग न राहता घाऊक व्यापार झाला. परिणामी १९०० च्या सुमारास सबंध देशात पांढऱ्या शेपटीची हरणे अवघी तीन ते पाच लाख उरली असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्याच वर्षी झालेल्या लेसी कायद्याने, एका राज्यात बेकायदा मारलेले सावज दुसऱ्या राज्यात नेऊन विकण्यास बंदी केली आणि बाजारी शिकारीचा कणा मोडला.

सावजाचा असा संहार चालू होता त्याच काळात माणसांचाही चालू होता. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि लक्षावधी लोक त्या प्रांताकडे धावले. लॅसेन पर्वताच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डिअर क्रीक ह्या दोन ओढ्यांच्या खोल दऱ्यांत याही नावाचे छोटे लोक राहत. त्यांची संख्या सुमारे चारशे होती असे मानतात. हरीण, सामन मासा आणि ओकची फळे ह्यांवर त्यांचे जीवन चाले. नव्याने आलेल्यांच्या गुराढोरांनी त्यांची कुरणे खाल्ली, खाणींच्या गाळाने ओढ्यांतले मासे नाहीसे केले. भुकेपोटी याहींनी एखादे जनावर पळविले की सशस्त्र टोळ्या त्यांच्या मागावर निघत. १८६५ ते १८७१ ह्या थोड्या वर्षांत एकामागून एक अशा कत्तली झाल्या की जग समजून चुकले, याही संपले. वस्तुतः मूठभर माणसे दऱ्यांत लपून राहिली होती. दगडांवरून चालावे, म्हणजे पाऊल उमटत नाही. चूल लहान पेटवावी, म्हणजे धूर दिसत नाही. आणि शिकार धनुष्याने करावी, कारण बाणाचा आवाज होत नाही. अशा रीतीने त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. मृगयेच्या इतिहासात राजांची धनुष्ये पुष्कळ आढळतात. पण ज्याला स्वतःच सावज होऊन लपावे लागले, त्याचे हे धनुष्य निराळे होते.

१९०८ साली वीज कंपनीचे मोजणीदार डिअर क्रीकच्या दरीत शिरले आणि अकस्मात त्या लपलेल्या वस्तीवर येऊन पोहोचले. तेथे चारच माणसे उरली होती. तिघे पळाले, चालता न येणारी एक वृद्धा पांघरुणात गुंडाळलेली सापडली. मोजणीदारांनी तिला इजा केली नाही, परंतु तेथील टोपल्या, धनुष्यबाण, पांघरुणे अशा वस्तू स्मृतिचिन्हे म्हणून उचलून नेल्या. त्या लोकांचा सारा संसार तेवढाच होता. वृद्धा लवकरच वारली. इतर दोघे पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. त्या वृद्धेचा मुलगा एकटा उरला. तो २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात, उपासाने खंगलेला असा आढळला. वय पन्नासच्या आसपास. त्याची भाषा कोणालाच समजेना, म्हणून शेरीफने त्याला तुरुंगाच्या खोलीत ठेवले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानववंशशास्त्रज्ञ वॉटरमन तेथे शब्दांची यादी घेऊन आले आणि एकेक शब्द उच्चारून पाहू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी खाटेच्या लाकडावर हात ठेवून ‘सिविनी’ म्हटले. सिविनी म्हणजे पाइन वृक्षाचे लाकूड. त्या शब्दासरशी त्या माणसाचा चेहरा उजळला. त्याला सान फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात आणण्यात आले. स्वतःचे नाव स्वतः सांगायचे नाही, ही त्याच्या लोकांची रीत. आणि ते सांगणारे दुसरे कोणी जिवंत नव्हते. प्राध्यापक क्रोबर ह्यांनी त्याला ‘इशी’ म्हणावयास सुरुवात केली. याहींच्या भाषेत इशी म्हणजे माणूस.

संग्रहालयाशेजारीच विद्यापीठाची वैद्यकशाळा होती आणि तेथे सॅक्स्टन पोप नावाचे शस्त्रवैद्य शिकवीत असत. इशीच्या प्रकृतीच्या निमित्ताने १९१२ मध्ये दोघांची ओळख झाली, आणि रुग्ण व वैद्य हे नाते लवकरच गुरुशिष्याच्या नात्यात पालटले. धनुष्य कसे घडवावे हे पोपना इशीने शिकविले. जुनिपर वृक्षाचे वाळलेले लाकूड तासून आखूड व पसरट धनुष्य करावयाचे. त्याच्या पाठीवर हरणाच्या पायांतील स्नायूंचे तंतू, सामन माशाची कातडी उकळून केलेल्या सरसाने चिकटवायचे. बाणाच्या दांड्या उष्णतेवर सरळ करावयाच्या. ज्वालामुखीतील काळ्या काचेचे कपचे काढून त्यांची टोके बनवायची आणि मागे तीन पिसे बांधायची. हे सर्व पोपनी शल्यवैद्याच्या काटेकोरपणाने टिपून ठेवले आणि १९१८ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथमालेत ‘याही आर्चरी’ ह्या नावाने प्रसिद्ध केले. नष्ट झालेल्या एका लोकसमूहाची विद्या त्याच्या अखेरच्या माणसाच्या हातून जशीच्या तशी नोंदली गेल्याची अशी उदाहरणे थोडीच आहेत.

इशी दोरी ओढीत असे ती बोटांनी नव्हे, अंगठ्याने. ही तऱ्हा पूर्वेकडील मंगोल आदि धनुर्धरांच्या तऱ्हेशी जुळणारी आहे, ह्याची पोपनी मुद्दाम नोंद केली. भारतीय वाचकाला येथे एकलव्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अंगठा गेल्यावर तो निषादपुत्र बोटांनी बाण सोडू लागला, पण पहिली त्वरा राहिली नाही, असे महाभारत सांगते. द्रोणाने अंगठाच का मागितला, ह्याचा उलगडा अशा तपशिलातून होतो.

परंतु इशीची खरी विद्या बाण सोडण्यात नव्हती. बाण सोडण्यापूर्वीच्या वेळात होती. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. पहाटे उठून ओढ्यात स्नान करी, सुगंधी पाला अंगाला चोळी, तोंड धुई, पाणी पिई, पण अन्न घेत नसे. ह्यात व्रताचा भाग होता तसा व्यवहाराचाही होता, कारण हरणाचे नाक त्याच्या डोळ्यांहून तीक्ष्ण असते. मग तो वारा तोंडावर घेऊन पावलापावलाने पुढे सरके. कधी दुमडलेले पान ओठांत धरून पाडसाच्या हाकेसारखा आवाज काढी, आणि कुतूहलाने वा वात्सल्याने मादी जवळ येई. दूरच्या लक्ष्यावर नेम मारण्याच्या नागर खेळात तो फारसा चमकला नाही. त्याची सारी कला अंतर कमी करण्याची होती. १९१४ च्या मे महिन्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा इशीसह डिअर क्रीकच्या दरीत जाऊन राहिले. जेथे तो चाळीस वर्षे लपला होता, तेथली प्रत्येक वाट, प्रत्येक दबा धरण्याची जागा त्याने आपल्या मित्रांना दाखविली.

२५ मार्च १९१६ रोजी क्षयाने इशीचा अंत झाला. त्याच्या देहाची चिरफाड होऊ नये असे क्रोबरनी न्यूयॉर्कहून कळकळीने लिहिले होते. ते पत्र वेळेत पोहोचले नाही. मित्रांनी शवपेटीत त्याचे धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांचे पीठ ठेवले आणि त्याचे दहन केले. परंतु मेंदू मात्र आधीच काढून ठेवला गेला होता, आणि पुढल्या वर्षी स्वतः क्रोबरनीच तो वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेकडे पाठविला. एकलव्याच्या कथेत गुरू नागर होता आणि शिष्य वनवासी. येथे गुरू वनवासी आणि शिष्य नागर. दक्षिणा मात्र दोन्ही खेपांस वनवासीयाच्याच देहातून गेली.

पोपनी गुरूची विद्या वाया जाऊ दिली नाही. आर्थर यंग व विल कॉम्प्टन ह्या सोबत्यांसह ते रानोमाळ हिंडले, इशीचे आखूड धनुष्य सोडून इंग्रजी धाटणीचे लांब धनुष्य वापरू लागले, आणि १९२३ मध्ये त्यांनी ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हे पुस्तक लिहिले. त्यातील इशीवरचे प्रकरण वाचून देशभर कितीतरी तरुणांनी हाताने धनुष्ये घडविली. पोप १९२६ मध्ये वारले. त्यांच्या स्वतःच्या काही मोहिमांत, विशेषतः यलोस्टोनची अस्वले व आफ्रिकेतील सिंह ह्यांवरील स्वाऱ्यांत, संयमापेक्षा पराक्रमाची हौस अधिक दिसते, हेही नमूद केले पाहिजे.

संयमाचा विचार पुढे नेला तो विस्कॉन्सिन राज्याने. तेथे १९३४ साली सॉक आणि कोलंबिया ह्या दोन परगण्यांत केवळ धनुष्याने हरीण मारण्याचा स्वतंत्र हंगाम सुरू झाला. त्या वर्षी धनुर्धरांच्या हाती लागलेल्या हरणांचा अधिकृत अंदाज आहे फक्त एक. सरकारी दप्तरात इतका लहान आकडा क्वचितच इतका बोलका असतो. ज्या शिकारीत शेकडो तास घालवून एक प्राणी पडतो, ती शिकार लांब मुदतीची ठेवली तरी रान रिकामे होत नाही, हे शासनाला उमगले. १९३७ मध्ये मिशिगनने आणि १९५१ मध्ये पेन्सिल्व्हेनियाने असाच हंगाम ठरविला. हळूहळू ही प्रथा देशभर पसरली.

ह्याच विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात १९३३ पासून अल्डो लिओपोल्ड हे वन्यजीव-व्यवस्थापनाचे प्राध्यापक होते. ते स्वतः फावल्या वेळात धनुष्ये घडवीत, आणि त्यांच्या पत्नी एस्तेला ह्या तर राज्यातील अग्रगण्य धनुर्धर होत्या. लिओपोल्ड ह्यांचे म्हणणे असे की, इतर खेळांत प्रेक्षक असतात, पंच असतात; शिकारी मात्र रानात एकटा असतो आणि त्याच्या वर्तनाचा साक्षी त्याची सदसद्विवेकबुद्धी एवढाच. म्हणून शिकाऱ्याने आपणहून साधनांचा संकोच करावा. कायदा हंगाम ठरवील, संख्या ठरवील. पण कोणता बाण सोडावयाचा नाही हे कायदा ठरवू शकत नाही.

हंगामाच्या आरंभी पायी निघालेल्या धनुर्धराकडे पाहिले म्हणजे ह्या विचाराचा अर्थ समजतो. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यास उघडतो; बंदुकीचा नोव्हेंबरात. झाडांची पाने अजून झडलेली नसतात, खालचे गवत-झुडूप दाट असते, डास चावत असतात. नरांच्या शिंगांवरचे मखमली आवरण नुकतेच गळालेले असते, आणि कोवळ्या खोडांवर शिंगे घासल्याच्या ताज्या खुणा दिसतात. हरणे दिवसा सावलीत बसतात आणि पहाटे व संधिकाळी रानाच्या कडेला चरावयास येतात. दाट पाल्यामुळे दृष्टी जेमतेम वीस-तीस पावले पोहोचते. ही धनुर्धराची अडचण, आणि तोच त्याचा आधारही. रात्री थंड हवा उतारावरून खाली वाहते. उन्हे तापली की तीच हवा वर चढू लागते. म्हणून पहाटे उतारावर वरून येणाऱ्याचा वास दरीतल्या हरणाला आधीच पोहोचतो. दोन पावले टाकावी, मग झाडाप्रमाणे उभे राहावे. कान कुठे हलला, शेपूट कुठे उडाले, हे न्याहाळावे. हरीण मान खाली घालून चरू लागले तरच पुढचे पाऊल. तासाभरात शंभर यार्ड चालणे झाले तर ते घाईचे म्हणावे.

आणि इतके करून हरीण समोर आले तरी धनुष्य ओढण्याची हालचाल त्याला दिसते. ते तिरपे उभे असेल, मध्ये फांदी असेल, अंतर पाच पावले अधिक असेल, तर बाण सोडावयाचा नाही, असा चांगल्या धनुर्धरांचा दंडक आहे. कारण बाण गोळीसारखा आघाताने मारीत नाही. रक्तस्राव होऊन प्राणी मरतो. बाण लागल्यावरही अर्धा तास स्वस्थ थांबून मग रक्ताचा माग काढीत जावे लागते. नेम चुकला तर प्राणी जखमी होऊन रानात नाहीसा होतो. धनुष्याच्या शिकारीवरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. साधन दुर्बल असले म्हणजे शिकारी आपोआप दयाळू होतो असे नव्हे. दुर्बल साधन त्याच्यावर अधिक जबाबदारी टाकते. ती न पेलणाऱ्याच्या हाती धनुष्य बंदुकीहूनही क्रूर ठरते.

पुढील इतिहास ह्या मर्यादेच्या झिजण्याचा आहे. मिझुरीच्या होलेस विल्बर ॲलन ह्यांना १९६९ मध्ये चाके व दोऱ्या जोडलेल्या ‘कंपाउंड’ धनुष्याचे पेटंट मिळाले. ते पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम हलका होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते. नव्यांना ते सोपे गेले आणि धनुर्धरांची संख्या झपाट्याने वाढली. पुष्कळ जण आता पायी न हिंडता झाडावर बांधलेल्या मचाणावर बसतात. दुसऱ्या बाजूला शासनाने ह्या हौसेतूनच रक्षणाची सोय केली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्ट्‌सन कायद्याने शिकारीच्या बंदुका व दारूगोळा ह्यांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव-संवर्धनाला मिळू लागला. १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणांवरही कर बसला. आज त्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणे सुमारे तीन कोटी आहेत, आणि काही भागांत ती इतकी वाढली आहेत की नवी झाडे रुजू देत नाहीत. तेथे शिकारी हा आता रानाच्या व्यवस्थेचा एक भाग मानला जातो. भारताने निराळा मार्ग पत्करला. त्याच १९७२ साली आपला वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला येथे जागा उरली नाही. दोन देशांची परिस्थिती भिन्न, म्हणून मर्यादेची रूपेही भिन्न. पण मर्यादेवाचून रान टिकत नाही, हा अनुभव दोघांचाही एकच आहे.

इशीचा मेंदू त्र्याऐंशी वर्षे स्मिथ्सोनियनच्या ताब्यात होता. याहींच्या नात्यातील कॅलिफोर्नियाच्या आदिवासींनी तो परत मागितला, आणि २००० साली तो त्यांच्या स्वाधीन झाला. अस्थी आणि मेंदू त्यांनी त्याच्या जन्मभूमीत एकत्र पुरले. ती जागा त्यांनी बाहेरच्या कोणाला सांगितलेली नाही. जिवंतपणी जो चाळीस वर्षे लपून राहिला, त्याला अखेरीस ह्या लपण्यातच सन्मान लाभला. दर सप्टेंबरात अमेरिकेच्या रानांत हजारो माणसे धनुष्य घेऊन पहाटे निघतात. त्यांपैकी पुष्कळांना पोपचे नाव ठाऊक असते, कित्येकांना इशीचेही. वारा पाहून थांबणारा आणि मनासारखी संधी नाही म्हणून बाण भात्यात परत ठेवणारा प्रत्येक शिकारी त्या नाव नसलेल्या माणसाची विद्याच पाळीत असतो.